बॉलिंग आमची, कॅप्टन त्यांचा

आमच्या नाक्यावर निवडणूक आणि क्रिकेट एकाच कटिंगमध्ये ढवळले जातात. "यंदा शेठची विकेट जाणार." "छ्या, हा नाइट वॉचमन हाय. खरा प्लेअर मागं ठेवलाय त्यांनी." "तो तिसरा रन काढायला नाय उभा केला, मतं खायला केलाय." ज्याला स्वतःच्या वॉर्डाचा नंबर ठाऊक नाही तोही दिल्लीची सगळी टीम बोटावर मोजून दाखवतो. मी काय वेगळा नाही, मीही त्यातलाच. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची मोजणी होती. सकाळी आठपासून मोबाइल हातात. कुणाची लीड किती, कोण कितव्या फेरीत मागे पडला, सगळं तोंडपाठ. ज्याचं तोंड मी आयुष्यात पाहिलं नाही त्याच्या लीडवर मी टाळी दिली. साला, टाळी!

संध्याकाळी घरी गेलो तर आई हंडे लावत बसलेली.

"कोन आलं रे?"

सांगितलं.

"मंग त्यो पानी आननार का?"

दिवसभर नाक्यावर मी इतकं बोललो होतो, आणि या एका प्रश्नावर माझी बोलती बंद. त्या रात्री झोप आली नाही. हे लिहितोय ते त्यामुळं.

दोस्तांनो, मॅच बघणाऱ्याला दोनच गोष्टी मिळतात, हर्ष आणि हळहळ. ग्राउंडवर कोण उतरणार, कुणाला कुठं उभं करायचं, हे त्याला कुणी विचारत नाही. आपण निवडणूक अशी बघायला लागलो, तिथंच आपण हरलो. "कोण येणार?" हा तिकीट काढून बसलेल्याचा प्रश्न. "आलेला माणूस कुणाला जबाब देणार?" हा मालकाचा प्रश्न. नाक्यावर पहिला प्रश्न रोज ऐकतो. दुसरा मी आजवर फक्त आईच्या तोंडून ऐकला, तोही पाण्याच्या निमित्तानं.

आता माझंच पाप सांगतो. २०१८ साली मी आमच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो. अंडरआर्म टुर्नामेंट भरवायची होती. वर्गणी जमेना. वस्तीतल्या माणसाकडं असतं काय देण्यासारखं? मग गेलो एका पुढाऱ्याकडं. नाव सांगत नाही, तुमच्या वॉर्डातही एक असेलच तसा. त्यानं चषक दिला, रोख बक्षीस दिलं, पोरांना टी-शर्ट दिले. टी-शर्टच्या पुढं त्याचा फोटो, पाठीवर आमचे नंबर. आम्ही खूष. तीन रात्री हॅलोजनच्या उजेडात मॅचेस झाल्या. मधल्या वेळात भीमगीतं, आणि दर दोन ओव्हरनंतर माइकवर त्याचं नाव.

पुढच्या पावसाळ्यात आमच्या सार्वजनिक संडासाची भिंत खचली. बायकांच्या बाजूचे दोन दरवाजे गेले. बायका पहाटे चारला उठून, एकीनं बाहेर चादर धरायची आणि दुसरीनं आत जायचं, अशा जाऊ लागल्या. मंडळाच्या मीटिंगला एक मावशी आली आणि म्हणाली, "पोरांनो, तुमी एवडे पन्नासजन, चला की त्याच्याकडं." आम्ही पन्नासजण जमिनीकडं बघत बसलो. काय तोंडानं जाणार? त्याचा फोटो अंगात होता ना आमच्या! मावशीनं आमच्याकडं बघितलं, टी-शर्टाकडं बघितलं, आणि काही न बोलता उठून गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा कळलं, मत विकणं म्हणजे काय. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घेणारा बदनाम होतो. पण त्याच्या किती तरी महिने आधी आपण जीभ विकलेली असते, ती एका चषकाला. आणि तो चषक आपण मंडळाच्या कपाटात काचेमागं ठेवतो!

इथं एक गोष्ट साफ करतो, नाहीतर उद्या कुणी उपदेश करायला येईल. २०२४ च्या जुलैपासून बायकांच्या खात्यात दीड हजार टाकायची योजना आली, तेव्हा बंगल्यातली माणसं म्हणाली की गरिबांनी मतं विकली. आईच्या खात्यातही ते पैसे पडले. मी म्हणालो, घे, हक्कानं घे. सरकारी पैसा कुणाच्या बापाचा नाही, तू बाजारहाट करताना कर भरतेस त्यातलाच तो आहे. पण उपकार मानू नकोस. सरकारी हक्क आणि पुढाऱ्याचा टी-शर्ट या दोन वेगळ्या गोष्टी. हक्क घेतला की मान वर राहते. टी-शर्ट घेतला की ती खाली जाते.

क्रिकेटवरून सुरुवात केलीच आहे तर एका खऱ्या क्रिकेटरबद्दल बोलू. बाळू पालवणकर. नाक्यावरच्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? चांभाराचा पोर. पुण्यात क्लबच्या मैदानावर महिना तीन-चार रुपयांवर राबणारा. गोऱ्या साहेबांना नेटमध्ये तासनतास बॉलिंग करून करून हा डावखुरा स्पिनर तयार झाला. इतका की हिंदू संघाला त्याच्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. बरं, घेतला कसा? बॉल त्याच्या हातून घ्यायचा, कारण बॉल बाटत नाही. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या कुल्हडात. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात हा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट्स काढणारा हा. आणि कॅप्टन? तो कधीच नाही. विकेट काढायला चालतो, फील्ड लावायला चालत नाही!

त्याचे भाऊही खेळाडू. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या भावांनी, आपल्या भावाला डावललं म्हणून, संघातून अंग काढून घेतलं. आम्ही नाही खेळत, जा. तेव्हा कुठं बाळूला व्हाइस-कॅप्टन करावं लागलं, आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कॅप्टन झाला. ध्यानात घ्या, ११४ विकेट्सनी जे मिळालं नाही ते एका नकारानं हलायला लागलं.

पण या गोष्टीला दुसरं अंगही आहे आणि ते कडू आहे. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होता. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत राखीव जागेवर काँग्रेसनं बाबासाहेबांसमोर त्यालाच उभा केला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूला ११,२२५. बाबासाहेब निवडून आले. मी बाळूला गद्दार म्हणणार नाही. ज्या माणसानं कुल्हडातला चहा पिऊन संघाला जिंकून दिलं त्याला गद्दार म्हणायची आपली लायकी नाही. पण बघा, डाव कसा टाकला होता. ज्याला मैदानात कॅप्टन केलं नाही त्याला निवडणुकीत पुढं केलं, तेही आपल्याच माणसाची विकेट काढायला. इथंही बॉलिंग आमची, कॅप्टन त्यांचा.

आता आजचं गणित मांडा. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागांत २९ अनुसूचित जातींना राखीव, लोकसभेच्या ४८ मध्ये ५. उमेदवार आपला, पण त्याला निवडणारं बोट सगळ्या मतदारसंघाचं. बाबासाहेब स्वतंत्र मतदारसंघ मागत होते ते याचसाठी. पुणे करारात जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण शेवटचं बोट दुसऱ्याच्या हातात गेलं. म्हणून राखीव जागेवर उभा राहणारा वस्तीकडं कमी आणि तिकीट वाटणाऱ्याच्या दाराकडं जास्त बघतो. महापालिकेत तर आणखी मजा. राखीव वॉर्डाची सोडत निघते, आरक्षण फिरत राहतं. आज राखीव असलेला वॉर्ड उद्या खुला. तिथं पुन्हा उभंच राहायचं नसेल तर संडासाचा दरवाजा कोण लावतो? आणि मुंबईत मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तेवढ्या काळात आमच्या नाक्यावर एकदाही कुणी म्हणालं नाही की आपला माणूस नाही. असून जाणवत नव्हता, तर नसल्यानं काय जाणवणार?

राखीव म्हणजे आपली, असं समजणाऱ्यांनी १९५२ आठवावं. लोकसभेची पहिली निवडणूक, उत्तर मुंबईचा दोन जागांचा मतदारसंघ. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष उमेदवार. काँग्रेसच्या काजरोळकरांना १,३८,१३७ मतं, बाबासाहेबांना १,२३,५७६. बाबासाहेब पडले! १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पडले. आपल्या पोरांना चौदा एप्रिलला डीजे कुठला आणायचा हे सहा महिने आधी माहीत असतं, हे दोन पराभव माहीत नसतात. जयंतीच्या भाषणात ते कुणी सांगत नाही, कारण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: बाबासाहेब ज्या खेळात पडले त्या खेळात हे साहेब इतक्या आरामात कसे काय निवडून येतात?

"मग मतच कशाला द्यायचं?" हे म्हणणारा प्रत्येक नाक्यावर एक असतो. मतदानाच्या दिवशी सुट्टी घेऊन तो लोणावळ्याला जातो, आणि वर तोंड करून याला बहिष्कार म्हणतो. थांब मित्रा. बहिष्कार काय असतो ते माझ्या बापाला विचार.

जानेवारी १९७४. मुंबईतली लोकसभेची पोटनिवडणूक. पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळीजवळ सभा. तिथं दगड, लाठ्या, पोलीस, आणि मग दंगल. १० जानेवारीच्या मोर्चात परळला भागवत जाधव डोक्यात दगड पडून गेला. आप्पा तेव्हा विशीचा, मिलमध्ये बदली कामगार. तो सांगतो, "आरं, मला तवा मतच नव्हतं." खरंय, मतदानाचं वय तेव्हा २१ होतं, १८ झालं ते १९८९ साली. ज्यांना मत नव्हतं ती पोरं रस्त्यावर होती. आज ज्यांना मत आहे ती पोरं लोणावळ्याला आहेत. तेव्हाचा नकार चाळीचाळीत बोलून, ठरवून, किंमत मोजून दिलेला होता, पालवणकर भावांसारखा. तुझा नकार म्हणजे आळस. आणि नोटाचं बटण दाबून क्रांती केली म्हणणाऱ्यालाही सांगतो, २०१३ पासून ते बटण आहे. पण लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढं तो निवडून येतो. एकट्यानं बटण दाबून रागावलास तर कुणाला कळणारही नाही.

एकी केली की काय होतं हेही आपण पाहिलंय. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. त्यानंतर १९९८ ला रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता केला, आणि अकोला, अमरावती, चिमूर, उत्तर-मध्य मुंबई अशा चार जागांवर चौघं लोकसभेत गेले. चारही जागा खुल्या! कुणाच्या मेहेरबानीची राखीव खुर्ची नव्हे. एका वर्षात पुन्हा फाटाफूट. १९९९ ला जो तो आपापल्या तंबूत. पुढाऱ्यांना शिव्या देऊन आपण मोकळे झालो. पण एकी मोडताना त्यांना भीती का वाटली नाही? कारण आपण विचारणार नाही याची त्यांना खात्री होती. आपण स्कोअर बघत होतो.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी मी सांगत नाही, एवढंच सांगतो. मंडळाची टुर्नामेंट वर्गणीत भरवा. चषक नसला तरी चालेल, स्टीलची बादली ठेवा बक्षीस, निदान पाणी भरायला येईल. मतदार यादी वस्तीत बसून वाचा. पुनर्विकासात, ट्रान्झिट कॅम्पात हललेल्या माणसांची नावं यादीतून कशी गळतात ते बघा आणि वेळेत अर्ज भरा. उमेदवार आला की त्याला हार घालू नका, विहारात सतरंजीवर बसवा आणि बायकांना आधी बोलू द्या. तो जे कबूल करेल ते भिंतीवर लिहा, खाली तारीख टाका. सहा महिन्यांनी त्याला त्याच भिंतीपुढं उभा करा. आला नाही तर माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, वॉर्डात निधी कुठं गेला ते मागा. आणि एवढं करून माणूस बधला नाही, तर मग बहिष्कार घाला. पण सगळ्यांनी मिळून.

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणात एका माणसाला एक मत आणि एका मताला एक मोल मिळेल, पण समाजात आणि पोटापाण्यात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती मिटवली नाही तर लोकशाहीचा हा सगळा डोलाराच उडेल. आपण त्यातलं "एक मत" तेवढं लक्षात ठेवलं.

संडासाची भिंत पुढं दीड वर्षानं झाली. आमच्यामुळं नाही झाली. त्या मावशीनं सतरा बायका घेतल्या, वॉर्ड ऑफिसच्या जिन्यात तीन दिवस बसली, तेव्हा झाली. त्यातल्या एकीच्याही अंगात कुणाचा फोटो नव्हता.

माझा तो टी-शर्ट आई आता फरशी पुसायला वापरते.

जय भीम.