विश्लेषण : बाबासाहेब भंडाऱ्यात का हरले? ‘मत कुजवण्या’चा पेच काय होता?

‘घटनात्मक नैतिकता’ हा शब्द हल्ली निकालांत आणि चर्चांत सतत येतो. समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून वगळताना सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी तिचाच आधार घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडली होती. ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याचा हवाला देत ते म्हणाले होते की, ही भावना उपजत नसते, ती रुजवावी लागते. सहा वर्षांनी पूर्व विदर्भात त्यांचीच परीक्षा झाली.

निवडणूक कोणती?

१९५२ मध्ये मुंबईत नारायण काजरोळकरांकडून पराभव झाल्यावर बाबासाहेब १९५४ ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूक लढले. आजचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता (वेगळा जिल्हा १ मे १९९९ पासून) आणि भंडारा मध्य प्रदेशात. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी जिंकले.

दोन मतांचे गणित

मतदारसंघ द्विसदस्यीय होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मते, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. आधी राखीव उमेदवारांतला पहिला निवडला जाई. मग उरलेल्या सगळ्यांत ज्याची मते जास्त, तो दुसऱ्या जागेवर. म्हणजे राखीव जागा हुकलेला उमेदवारही सर्वसाधारण जागा जिंकू शकत होता. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम येथे व्ही. व्ही. गिरी असेच हरले आणि न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

इथेच पेच होता. भंडाऱ्यात सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता मित्र म्हणून उभे होते. समर्थकांनी दुसरे मत मेहतांना न देता कुजवले असते, तर बाबासाहेबांना त्या जागेचीही संधी राहिली असती. कार्यकर्त्यांनी तसे सुचवले, पण बाबासाहेबांनी नकार दिला, असे चळवळीत आजही सांगितले जाते. मेहता निवडून आले. मुंबईत मते कुजवल्याची तक्रार स्वतः बाबासाहेबांनीच केली होती, हे लक्षात घेतले तर नकार समजतो.

हा विचार आला कुठून?

कोलंबिया विद्यापीठात ते जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी होते. लोकशाही म्हणजे केवळ शासनपद्धती नव्हे, तर एकत्र जगण्याची रीत, हा ड्यूईंचा विचार १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये ठळक दिसतो. मात्र बाबासाहेबांनी तो जातीच्या प्रश्नाला जोडला. ड्यूईंपुढे तो प्रश्नच नव्हता. पराभवानंतर काही महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९५४ रोजी, आकाशवाणीवर त्यांनी आपले तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत सांगितले. ते फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाकडून घेतले, असेही स्पष्ट केले.

द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१ मध्ये कायद्याने बंद झाले. आज भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघ खुला आहे. अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत ते त्यातले भंडारा आणि अर्जुनी मोरगाव हे विधानसभा मतदारसंघ.