माघारी फिरण्याचेही शिक्षण हवे

पावसाने जोर धरला की जांबोटीच्या रस्त्याला वेगळेच रूप येते. बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या गाड्या शनिवार-रविवारी एकामागून एक धावू लागतात. कणसे भाजणाऱ्याला आणि चहाच्या टपरीवाल्याला चार पैसे मिळतात. पाहुणे काच खाली करून आपल्याच मुलांना विचारतात, "धबधबा कुठं आहे रे?" मुले हात करून वाट दाखवतात. कधी कधी ती नुसती वाट दाखवून थांबत नाहीत. पाहुण्यांच्या मोबाईलपुढे डोहात उडीही मारून दाखवतात. टाळ्या पडतात, कोणी वीसाची नोट देतो, आणि मग दुसरी उडी पहिलीपेक्षा जास्त उंचावरून होते.

आज आम्हाला लिहायचे आहे ते या दुसऱ्या उडीविषयी.

निमित्त आहे ते पालक सभेतील चर्चेचे. शाळेची पावसाळी सहल कायमची बंद करावी, अशी मागणी काही पालकांनी केली आहे आणि हा प्रश्न आता विश्वस्त मंडळापुढे आहे. पालकांची काळजी खोटी नाही. २६ नोव्हेंबर २०२२ ची किटवाडची घटना आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. बेळगावहून सुमारे चाळीस मुली चंदगड तालुक्यातील किटवाडच्या धबधब्यावर गेल्या होत्या. सेल्फी काढताना पाय घसरून पाच जणी पाण्यात पडल्या आणि त्यांतल्या चौघी दगावल्या. तो महिना नोव्हेंबरचा होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पावसाळा संपला म्हणून धोका संपला असे होत नाही.

पुढे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते कुटुंब साऱ्या महाराष्ट्राने मोबाईलवर पाहिले. पाणी वाढते आहे हे कळले, तेव्हा काठावर येण्याची वेळ निघून गेली होती.

मग सहल बंद करावी काय? आमचे मत तसे नाही.

बंदीने काय होते ते शेजारच्या गोव्यात दिसले. जुलै २०२३ मध्ये सांगे तालुक्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि गोव्याच्या वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई केली. त्याच महिन्याच्या १६ तारखेला, रविवारी, शेकडो लोक दूधसागरकडे निघालेच. रेल्वे पोलिसांनी त्यांना अडवले आणि काहींना उठाबशा काढायला लावल्या. सरकारी बंदीची गरज आम्ही नाकारत नाही. परंतु आपली मुले तर या रानातच राहतात. वज्रपोह्याचा सुमारे २०० फुटांचा धबधबा, मलप्रभेचे डोह, भीमगडच्या बाजूचे जंगल हे त्यांचे परसदार आहे. शाळेने नेले नाही तर ती आपापली जातील. तेव्हा बरोबर सर नसतील, दोर नसेल, आणि घरीही सांगितलेले नसेल. म्हणून सहल चालू राहावी. मात्र सहलीत मुलांनी मुख्यतः काय शिकावे, हे आपण नव्याने ठरवायला हवे.

प्रथम पाण्याविषयी दोन शब्द. आपल्याला पाण्याची सवय असते, म्हणून त्याची ओळख आहे असे आपण समजतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. सकाळी ज्या ओढ्यातून मूल हसत पार गेले, तोच ओढा दुपारी मोठ्या माणसालाही उभा राहू देत नाही. धबधब्याखालच्या पांढऱ्याशुभ्र फेसात हवा मिसळलेली असते, त्यामुळे तेथे अंग नेहमीसारखे तरंगत नाही. कोसळणारे पाणी तळाशी जाऊन उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा धारेखाली ओढते, तेथे पट्टीच्या पोहणाऱ्याचाही इलाज चालत नाही. डोहाचा तळही दरवर्षी बदलतो. पुराबरोबर आलेला ओंडका किंवा दगड गेल्या वर्षीच्या उडीच्या जागेवर बसलेला असू शकतो.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते. कणकुंबी-आमगावचा पाऊस कर्नाटकातील सर्वांत जास्त पावसांत मोजला जातो. तेथे ढग फुटल्यासारखा कोसळला आणि इकडे ऊन पडले असले, तरी ते पाणी थोड्या वेळाने आपल्यापर्यंत येणारच. आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून नदीचा अंदाज करू नये, हे आपले शेतकरी जाणतात. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहत आला, पाण्याचा आवाज बदलला, की ते गुरे मागे वळवतात.

हे ज्ञान मुलांनाही असते. मग माणसे थांबत का नाहीत? कारण थांबण्याचा विचार आपण कड्यावर किंवा धारेजवळ पोहोचल्यावर करतो. तेथे मन आपल्या हातात नसते. मित्र पुढे गेलेले असतात, कोणी चित्रीकरण करत असतो, गाडीभाडे भरलेले असते, आणि "एवढे आलो, आता थोडक्यासाठी कशाला परत फिरायचे?" असे वाटते. हे "थोडक्यासाठी" भल्याभल्यांना भोवले आहे.

एव्हरेस्टच्या चढाईत परत फिरण्याची वेळ आधीच ठरवलेली असते. दुपारी दोनपर्यंत शिखर गाठले नाही, तर जेथे असाल तेथून खाली उतरायचे. न्यूझीलंडचा नामवंत मार्गदर्शक रॉब हॉल याने १९९५ साली शिखर शंभर-एक मीटरवर असताना आपल्या माणसांना माघारी आणले होते. त्यांतील एक जण हुरहूर घेऊन १९९६ साली पुन्हा आला. १० मे रोजी दोनची वेळ टळून गेली, चार वाजले, तरी त्याला शिखर मिळावे म्हणून हॉल थांबला. नंतर वादळ आले. दोघेही परत आले नाहीत. त्या वादळात एकूण आठ गिर्यारोहक गेले. नियम ठाऊक असलेला, तो पूर्वी पाळलेला माणूसही एका दिवशी चुकला. नुसता नियम माहीत असून भागत नाही, तो दर वेळी नव्याने पाळावा लागतो.

इतक्या दूर जाण्याची गरजही नाही. आपली कबड्डी पाहा. चढाई करणारा गडी समोरच्या अंगणात धडाक्याने शिरतो, पण त्याचे एक लक्ष सतत मधल्या रेषेवर असते. गडी बाद केल्याचे गुण त्याला मिळतात ते रेषेला परत पोहोचल्यावर. तिकडेच पकडला गेला तर गुण समोरच्यांचा. तीस सेकंदांत आत जायचे आणि परतही यायचे. चढाईपटू परत वळला म्हणून प्रेक्षकांतून कोणी त्याला भित्रा म्हणत नाही, उलट टाळ्या वाजवतात. रानात आणि पाण्यातही हाच हिशेब मांडायला काय हरकत आहे?

आता एक आमचीच गोष्ट, थोडी लाजेची. काही वर्षांपूर्वी नववीची सहल निघाली होती. वाटेतला ओढा ओलांडून पलीकडे जायचे होते. पाणी गुडघ्याच्या खालीच होते. काठावर घोंगड्याची खोळ घेऊन एक म्हातारे बाबा गुरे राखत बसले होते. ते सरांना म्हणाले, "पलीकडं जातासा खरं, परत कसं येतासा?" सरांनी पाण्याकडे पाहिले, पश्चिमेच्या ढगांकडे पाहिले, आणि सगळ्यांना मागे फिरवले. जवळच्या गावातील देवळाच्या ओसरीवर डबे सोडून मुले घरी आली.

त्या दिवशी ओढ्याला पूर आला नाही. संध्याकाळपर्यंत पाऊसही फारसा झाला नाही. मुले रुसली. गाडीभाडे फुकट गेल्याची कुरकुर काही पालकांनी केली. "सर भ्याले" ही थट्टा शाळेत बरेच दिवस चालली आणि हसणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढच्या वर्षी त्या सरांनी सहलीला येण्याचे टाळले. तेव्हा आम्हाला त्याचे काही वाटले नाही. किटवाडची बातमी वाचली त्या रात्री मात्र त्या सरांची आठवण आली.

वेळीच थांबणाऱ्याची अडचण ही अशी आहे. त्याचा निर्णय बरोबर होता याचा पुरावा कधीच मिळत नाही. जो अपघात झालाच नाही तो दाखवणार कसा? पुढे गेलेल्याचे छायाचित्र निघते, मागे फिरलेल्याचे निघत नाही. म्हणून त्याच्या पाठीशी इतरांनी उभे राहावे लागते. अर्नेस्ट शॅकलटन ९ जानेवारी १९०९ रोजी दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर असताना मागे फिरला. अन्न संपत आले होते. पुढे गेलो तर परतणे नाही, हे त्याने ओळखले. त्याचे तिन्ही सोबती जिवंत परतले आणि त्याच वर्षी इंग्लंडने त्याला 'सर' हा किताब दिला. ध्रुव न गाठताच परतलेल्या माणसाचा हा सन्मान होता. आम्ही आमच्या सरांना काय दिले, हे वर सांगितलेच आहे.

आपल्याकडे मुले अभिमानाने म्हणतात, "मावळा माघार घेत नाही." त्यांना पुरंदरचा तह आठवून द्यावा. १६६५ मध्ये महाराजांनी २३ किल्ले सोडले, माणसे आणि राज्य राखले, आणि १६७० पासून ते किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. पुढच्या डावासाठी आज थांबणे हेही शौर्यच होते.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची सूचना अशी आहे. सहल बंद न करता तिचे नियम लेखी करावेत आणि ते निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचले जावेत. परत फिरण्याची वेळ घड्याळाने आधीच ठरावी. वाहते पाणी घोट्याच्या वर असेल तर त्यात कोणीही उतरू नये. धारेखाली आणि कड्याच्या टोकावर छायाचित्र नको. पाण्याचा रंग किंवा आवाज बदलताच सगळ्यांनी काठ सोडून उंचावर यावे. त्या गावचा शेतकरी नको म्हणाला तर वाद न घालता मागे फिरावे. आणि एक नियम सर्वांत महत्त्वाचा. चाळीस मुलांतील एकाने जरी "मला भीती वाटते" असे म्हटले, तरी मतदान न घेता थांबावे. सहल अर्धी राहिली तर तिचा खर्च वाया गेला असे शाळेने मानू नये. त्या दिवसासाठी दुसरे ठिकाण, एखादे देऊळ किंवा शेत, आधीच ठरवून ठेवावे, म्हणजे सरांना मागे फिरणे सोपे जाईल.

दुसरी सूचना पोहण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली, आणि ५ ते १४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे तिसऱ्या क्रमांकावर आहे. २०२१ पासून २५ जुलै हा दिवस जगभर बुडण्यापासून बचावाचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो ऐन पावसाळ्यात येतो. त्या दिवशी शाळेत एक तास असा ठेवावा की बुडणाऱ्यामागे उडी न घेता काठावरून दोर, काठी किंवा रिकामा बंद डबा कसा द्यावा हे प्रत्येक मुलाला करून दाखवता येईल. वाचवायला गेलेलाही बुडाला, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

पालकांना एक विनंती. मूल घरी येऊन "आम्ही धबधब्यापर्यंत गेलोच नाही" असे म्हणाले, तर "मग गेलात कशाला?" असे विचारू नका. "बरं केलंत" एवढेच म्हणा. त्या दोन शब्दांवर त्याचा पुढचा निर्णय अवलंबून असतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, रानात जा, भिजा, डोंगर चढा. घरात बसून कोणी धीट होत नाही. फक्त पाहुण्याच्या वीस रुपयांसाठी दुसरी उडी मारू नका. तो उडी पाहून संध्याकाळी बेळगावला परत जातो. तुमची आई येथेच असते.

दरवर्षी मलप्रभेला पूर आला की हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती पाण्याखाली जातो. बळाच्या देवाच्या दर्शनाला आलेले भाविक त्या दिवसांत दुरूनच हात जोडतात आणि घरी परततात. त्यांना आजवर कोणी भित्रे म्हटलेले नाही. मागे फिरलेल्या आपल्या सरांनाही यापुढे कोणी तसे म्हणू नये.