प्रथम वर्षाच्या रसायनशाळेविषयी कुलगुरूंस खुले पत्र

मा. कुलगुरू,
संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती
यांचे सेवेशी,



विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांच्या इलाख्यात यवतमाळच्या दक्षिण अंगाला, पूस नदीच्या काठी वसलेल्या पुसदहून, रसायनशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेला एक निवृत्त अध्यापक हे पत्र आपणांस लिहीत आहे. आणि ते खासगीत न धाडता खुले लिहिण्याचे कारण एवढेच की, ज्या मुलामुलींविषयी ते आहे त्यांच्या पालकांच्याही वाचनात ते यावे.

पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस या तालुक्यांतील खेड्यांतून व तांड्यांतून जी मुले दरसाल बी.एस्सी.च्या प्रथम वर्षात दाखल होतात, त्यांपैकी कित्येकांच्या घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते, शाळा मराठीत झालेली असते आणि विज्ञान अकरावीपासून इंग्रजीत अंगावर आलेले असते. अशा तीन भाषांच्या सांध्यावर उभा असलेला विद्यार्थी वर्गात गप्प बसतो, आणि त्याच्या मौनालाच आपण मंदबुद्धीचा दाखला मानून मोकळे होतो. हा घोर अन्याय आहे. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावताच तो डाग तांबडा होतो, हे हळद पिकविणाऱ्या घरातील मुलीने लहानपणापासून पाहिलेले असते. परंतु दर्शक म्हणजे काय, असे व्हायवात विचारताच ती पाठ केलेली इंग्रजी व्याख्या म्हणू लागते, निम्म्यावर अडखळते आणि मान खाली घालते. साबण आम्लारिधर्मी असतो व हळदीतील रंगद्रव्य अशा द्रावणात आपला रंग पालटते, एवढे तिने आपल्या शब्दांत सहज सांगितले असते. तसे सांगण्याला परीक्षेत किंमत आहे, हे मात्र तिला कोणी कधी कळविलेले नसते.

अध्ययनाच्या सवयींची हकिकत जर्नलात अधिक स्पष्ट दिसते. टायट्रेशनच्या तासाला ब्युरेटची तोटी हलक्या हाताने फिरवीत, शंकूपात्र सतत ढवळीत, फिनॉल्फ्थॅलिनचा तो फिकट गुलाबी रंग टिकतो की विरतो हे पाहण्यात खरे शिक्षण असते. एक थेंब अधिक पडला की रंग गडद होतो आणि ते रीडिंग वाया जाते. या ठिकाणी विद्यार्थ्याने लिहावयास हवे ते असे : ‘तिसऱ्या वेळी तोटी उशिरा बंद केली, रंग गडद आला, म्हणून हे वाचन धरले नाही.’ त्याऐवजी तो शेजाऱ्याचा आकडा विचारतो, आधीचा खोडतो, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री गतवर्षीच्या कोणाच्या तरी वहीवरून सारे काही सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो. हा शिरस्ता इतका रूढ झाला आहे की, त्यात काही गैर आहे असे त्या मुलाला वाटतही नाही, आणि त्याला दोष देण्यास मी तयार नाही. कारण आपण गुण देतो ते निर्दोष आकड्याला आणि स्वच्छ वहीला.

वहीचे खरे मोल मायकेल फॅरडेच्या उदाहरणावरून कळते. तो पुस्तकबांधणीच्या दुकानातील उमेदवार होता. १८१२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, आपली टिपणे आकृत्यांसह नव्याने विस्तारून लिहिली, त्यांचा ग्रंथ स्वहस्ते बांधून डेव्हींकडे पाठविला आणि पुढील वर्षी त्याच प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा मिळविली. ऐकलेले आपल्या शब्दांत मांडणे हाच त्याचा अभ्यास होता आणि तेच त्याचे संवादकौशल्यही होते. ही दोन निरनिराळी प्रकरणे नव्हेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये भाषा व कौशल्ये यांसाठी स्वतंत्र श्रेयांकांची तरतूद झाली आहे, तिचे मी स्वागतच करतो. परंतु रसायनशास्त्राविषयी बोलण्याची कला रसायनशाळेबाहेर, स्वपरिचय आणि अर्जाचे मसुदे गिरवून येईल, असे मला वाटत नाही.

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. २०१७ साली कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने आमच्या एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या अनर्थाची कारणे अनेक होती, आणि त्या सर्वांचा भार अशिक्षितपणावर टाकणे मला मान्य नाही. तथापि कीटकनाशकाच्या डब्यावरील तांबडा त्रिकोण पिवळ्याहून आणि पिवळा निळ्याहून अधिक विषारी द्रव्य दर्शवितो, दोन औषधे मनाने एकत्र करू नयेत, अंगावर उडालेले द्रव्य त्वचेतूनही शरीरात जाते, हे घरातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या वडिलांना गोरमाटीत किंवा वऱ्हाडीत समजावून सांगता येण्याइतके तरी शिकावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. जो विद्यार्थी वर्गात तोंड उघडत नाही, तो बांधावर काय सांगणार?

यास्तव माझी विनंती अशी की, प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकाच्या गुणांतील एक ठळक हिस्सा प्रयोग चालू असताना तेथल्या तेथे केलेल्या कच्च्या नोंदीला द्यावा, आणि खाडाखोड हा तीत दोष मानू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रातून निदान एकदा आपला एखादा प्रयोग सोबत्यांपुढे उभे राहून समजावून द्यावा. त्याची भाषा मराठी असो, इंग्रजी असो वा मिश्र असो, परीक्षकाने केवळ आशयाची पारख करावी. भाषा संचालनालयाचा रसायनशास्त्र परिभाषा कोश कपाटातून काढून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवण्याची तजवीज महाविद्यालयांनी करावी. अध्यापकांची रिक्त पदे भरल्यावाचून यातील काहीच नीट साधणार नाही, हे आपणही जाणता. एका अध्यापकाने एकाच वेळी इतक्या टेबलांकडे पाहून प्रत्येकाचे बोलणे ऐकावे, हे अशक्य आहे.

रिक्त पदे भरण्यापलीकडे यासाठी नवे अनुदान वा नवी इमारत लागत नाही. अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि येत्या सत्रापासून निदान काही महाविद्यालयांत त्याचा प्रयोग सुरू करावा, अशी आपणांस माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
पुसद, जि. यवतमाळ