गोंद किती लावावा?



मोपाच्या पठारावरील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली आणि आपल्या धारगळच्या मुलांच्या खेळात विमानाने घर केले. कागदाची, बांबूच्या बारीक काड्यांची विमाने घरोघरी होऊ लागली आहेत. हा छंद चांगला आहे. आईबापांनी त्यास उत्तेजन द्यावे. परंतु पुष्कळ विमाने उडविताच कोसळतात, आणि दोष अनेकदा पंखांत नसून गोंदात असतो.

आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या त्वीलरी उद्यानात रबराच्या पिळावर चालणारे चिमुकले विमान उडविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. आज बंद दालनात उडविण्याची स्पर्धेची विमाने रबर वगळता जेमतेम दीड ग्रॅम वजनाची असतात. तेथे गोंदाचे चार थेंब अधिक पडले, तर विमानाचे काय होईल, हे सांगावयास नको.

असे कारागीर सेल्युलोज नायट्रेट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून पातळ गोंद करतात. अ‍ॅसिटोन उडून जाते व घन भाग तेवढा मागे राहतो. १० ग्रॅम गोंदात १ ग्रॅम घन असेल, तर सुकल्यावर १ ग्रॅमच उरतो. पातळ गोंद काडीच्या तंतूंत मुरतो. म्हणून पहिला हात सुकू द्यावा आणि मग दुसरा देऊन सांधा जुळवावा. सुकताना गोंद आकसतो व नाजूक काडीस वाकवितो. तो लवचिक राहावा म्हणून त्यात थोडे एरंडेल घालण्याची जुनी रीत आहे.

मात्र हा गोंद मुलांच्या हाती कदापि देऊ नये. अ‍ॅसिटोनची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीमुळे किंवा अल्तारावरील मेणबत्तीमुळेही पेट घेते. मुलांसाठी मैद्याची खळ किंवा बाजारातील पांढरा गोंद बरा. खळीसाठी एक वाटी मैदा पाच-सहा वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा व मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. किडीपासून रक्षण व्हावे म्हणून कोणी खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे. मुलांच्या खळीत नको. खळ रोज ताजी करावी.

गोंदाची परीक्षा तीन प्रकारे करावी. सारख्या मापाच्या कागदी पट्ट्यांवर निरनिराळ्या गोंदांची एकेक रेघ ओढून त्या दिवसभर टांगाव्यात. जी पट्टी अधिक मुरडेल, तिचा गोंद टाळावा. दुसरे, दहा थेंब कागदावर सुकवून, आधीचे व नंतरचे वजन सोनाराच्या काट्यावर पाहावे. तिसरे, जोडलेल्या दोन काड्या हळूहळू वाकवाव्यात. काडी मोडली आणि सांधा टिकला, तर गोंद पुरेसा झाला. पुढील जोडीस त्याहून थोडा कमी लावावा, आणि सांधा सुटू लागेल तेथे थांबून एक पायरी मागे यावे.

प्रत्येक पट्टीवर तारीख व प्रमाण लिहिण्यास मुलांस सांगावे. विमान एखादे वेळी मोडेल, पण मोजून पाहण्याची ही सवय त्यांस जन्मभर पुरेल.