फसवणाराही विकलेलाच असतो

'डिजिटल अरेस्ट' हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. पंतप्रधान ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये त्यावर बोलले, १९३० हा हेल्पलाइन नंबर पाठ झाला, सोसायटीच्या ग्रूपवर दर आठवड्याला 'सावधान' म्हणून एक फॉरवर्ड येतो. एक प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही: फोनच्या पलीकडचा माणूस तिथे येऊन बसला कसा?

माझं म्हणणं असं की त्यातल्या अनेकांना तिथे आणून डांबलेलं असतं. या प्रकाराला आपण नुसतं 'सायबर क्राइम' म्हणत राहिलो तर त्याच्या मुळाशी कधीच पोहोचणार नाही. ही माणसांची तस्करी आहे, आणि तिच्या पैशावर बंदूकधारी टोळ्या पोसल्या जातात.

थायलंड आणि म्यानमारच्या मधून मोएई नदी वाहते. अलीकडे थायलंडचं मे सोट, पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. त्या काठावर केके पार्क, श्वे कोक्को अशी नावं असलेल्या, कुंपण आणि पहारेकरी असलेल्या वसाहती उभ्या राहिल्या. नोकरी सांगितली जाते बँकॉकची, पद 'डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह'. विमानतळावरून गाडी निघते ती थेट सीमेकडे. नदी ओलांडली की पासपोर्ट काढून घेतला जातो, हातात फोन आणि स्क्रिप्ट येते. टार्गेट चुकलं की मारहाण, विजेचे झटके. सुटायचं असेल तर घरून खंडणी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३मध्ये अंदाज दिला, की अशा सक्तीच्या फसवणुकीत म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अडकलेली असावीत.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२मध्येच इशारा दिला होता. त्यात सावज कोण हेही स्पष्ट होतं: आयटीतलं कौशल्य असलेले तरुण. म्हणजे आम्हीच.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "इंजिनिअर होता ना? मग कळलं नाही? हाव नडली." हे उत्तर मला संतापजनक वाटतं. माझ्या आत्ताच्या नोकरीचा इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर झाला. ऑफर लेटर पीडीएफमध्ये आलं. एचआरचं तोंड मी रुजू होईपर्यंत प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. खरी नोकरी अशीच मिळते आणि खोटीही अशीच. लेऑफनंतर सहा महिने घरी बसलेल्या, शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या पोराने आलेली ऑफर स्वीकारली तर ती हाव नव्हे, गरज आहे.

आपला कायदाही याच गैरसमजावर उभा आहे. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली ठराविक देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगाराला सरकारी परवानगी लागते. दहावी पास झालात की त्या तपासणीतून सुटका. शिकलेला माणूस फसत नाही, असं त्यामागचं गृहीतक. तस्करांनी नेमकी तीच फट हेरली.

आता सुरक्षेचा मुद्दा. या वसाहतींना संरक्षण कुणाचं? त्या पट्ट्यात सत्ता चालते सॉ चिट थू याच्या सशस्त्र गटाची. आधी तो म्यानमार लष्कराच्या छत्राखालचं सीमा सुरक्षा दल म्हणून ओळखला जाई, मग 'कारेन नॅशनल आर्मी' झाला. मे २०२५मध्ये अमेरिकेने त्याच्यावर निर्बंध लादले. थायलंडने फेब्रुवारी २०२५मध्ये सीमेपलीकडची वीज तोडली, तरी धंदा चालूच राहिला. ऑक्टोबरमध्ये स्पेसएक्सला त्या परिसरातले अडीच हजारांहून जास्त स्टारलिंक संच बंद करावे लागले. त्याच महिन्यात अमेरिकेने कंबोडियातल्या प्रिन्स ग्रूपच्या चेन झीवर आरोपपत्र ठेवलं आणि सुमारे १,२७,००० बिटकॉइनवर टाच आणली; किंमत १५ अब्ज डॉलरच्या आसपास. पुण्यातल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेची मोडलेली एफडी क्रिप्टोत बदलून अशाच कुठल्यातरी तिजोरीत जाते. सैन्य, बँक, एचआर, नाइट शिफ्ट सगळं असलेलं, पण कुणालाही उत्तरदायी नसलेलं हे राज्यच आहे.

"पण काही जण तर राजीखुशीने फसवतात!" हा आक्षेप खरा आहे. काही जण कमिशनसाठी तिथेच थांबतात, काही आपल्याच गावची पोरं तिकडे ओढून नेतात. त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. आयुष्यभराची पुंजी गमावलेल्या बाईंचा रागही पूर्ण रास्त आहे. पण २०००च्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार फसवून किंवा धाकाने नेलेल्याच्या संमतीला अर्थ नसतो. भारताने तो २०११मध्ये स्वीकारला, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ही हेच सांगतं. तेव्हा कोण अडकला आणि कोणी अडकवलं, हे आधी शोधा. सगळ्यांना एकाच तराजूत तोलणं ही तपासातली पळवाट आहे.

मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोटहून ५४९ भारतीय दोन दिवसांत परत आणले. चांगलं झालं. पण विमानाने माणसं आणता येतात, पाठवणारा एजंट मात्र इथेच राहतो. परतलेल्या प्रत्येकाकडे स्क्रिप्ट, मॅनेजरांची टोपणनावं, वॉलेटचे पत्ते, भरती करणाऱ्याचा नंबर अशी माहिती असते. त्याला आधी साक्षीदार म्हणून ऐका, संशयित ठरवायचं ते पुराव्यावरून ठरवा. भरती करणाऱ्यांवर फसवणुकीची किरकोळ कलमं न लावता तस्करीची लावा. परदेशी नोकरी देणारा एजंट नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. माझ्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलने टाय कसा बांधायचा ते शिकवलं, हे नाही सांगितलं. प्रत्येक प्लेसमेंट सेलने शेवटच्या वर्षाच्या मुलांना ते सांगायला हवं. त्याला अर्धा तास पुरतो.

पुढच्या वेळी 'सीबीआय'चा फोन आला तर जरूर कापा, १९३०वर कळवा. पण तो फोन करणारा आपल्याच एखाद्या जिल्ह्यातून निघालेला असू शकतो, आणि त्याला तिथे पाठवणारा अजूनही आपल्याच शहरात कन्सल्टन्सीची पाटी लावून बसलेला असू शकतो, हे ध्यानात असू द्या.