दवाखान्याला कुलूप आहे, मग मरायचं काय?



वस्तीतला डॉक्टर रात्री दहाला शटर ओढतो. ओढू दे. तोही माणूस आहे, दिवसभर राबलाय. माझं भांडण त्याच्या शटरशी नाही. माझं भांडण आपल्या ‘सकाळी बघू’शी आहे. छातीत कळ आली, सकाळी बघू. पोरगं श्वासाला तडफडतंय, सकाळी बघू. पोटुशी पोर रक्ताने भिजली, तरी सासू म्हणते सकाळी बघू. आणि सकाळी चार खांदे शोधायला निघायचं!

लोक याला अडाणीपणा म्हणतात. साफ खोटं. हे आपल्याला दारादारांत शिकवलं गेलंय. 1929 च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त काठियावाडातल्या एका अस्पृश्य शाळामास्तराचं पत्र छापून आलं. बाबासाहेबांनी ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवलंय. मास्तराची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाय टाकेना. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला तेव्हा कुठे आला, तोही वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला लेकरासकट बाहेर आणलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने मास्तराच्या, मास्तराने बायकोच्या. परतही तसाच गेला. रात्रीचे आठ वाजलेले. दिव्याच्या उजेडात बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. औषध पाठवलं, पण पुन्हा बघायला आला नाही. बाई मेली.

त्या डॉक्टरच्या दवाखान्याला कुलूप नव्हतं. असा पिढ्यान्‌पिढ्या परत पाठवलेला माणूस मध्यरात्री इस्पितळाची पायरी चढताना कचरणारच. आज काउंटरवर जात विचारत नाहीत, डिपॉझिट विचारतात. गेल्या पावसाळ्यात गल्लीतल्या एका म्हातारीला घेऊन आम्ही रात्री एक वाजता एका ट्रस्टच्या इस्पितळात गेलो. काउंटरवरचा मान वर न करता म्हणाला, आधी वीस हजार भरा. म्हातारीचा मुलगा हात जोडायला लागला. आम्ही त्याचे हात खाली केले आणि म्हणालो, “पैसे नाहीत म्हणून पेशंट घेत नाही, एवढं लिहून द्या.” लिहून द्यायला कोणी तयार होईना. थोड्या वेळात स्ट्रेचर आलं.

आम्ही काही दादागिरी केली नाही. नियमच तसा आहे. मुंबई हायकोर्टाने 2006 साली धर्मादाय इस्पितळांसाठी योजना ठरवून दिली. तातडीचा पेशंट आला की लगेच घ्यायचा, जीव धोक्याबाहेर येईपर्यंत उपचार करायचे, डिपॉझिट मागायचं नाही. 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे कागद नंतर. आणि हकीम शेख हे नाव प्रत्येकाने ध्यानात ठेवावं. हा बंगालातला शेतमजूर. 1992 च्या जुलैत संध्याकाळी रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी ‘बेड नाही’ म्हणून पुढे ढकलला. शेवटी खाजगीत पैसे मोजून जगला. पण त्याच्या मागे त्याची शेतमजूर समिती उभी होती. ती सुप्रीम कोर्टात गेली. 1996 मध्ये कोर्टाने निकाल दिला की सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमातला जगण्याचा हक्क मोडणं. पंचवीस हजार रुपये भरपाई दिली. ही लढाई एकट्या हकीमच्या खिशाला झेपली असती का?

म्हणून काही गोष्टी पाठ करा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, फिट थांबेना, साप चावला, गरोदर बाईला रक्त जातंय, लेकरू पाणीही घेईना, तर नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडून गोळी आणून वेळ काढायचा नाही. लकव्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तुमची सकाळ त्याच्यासाठी थांबत नाही. 2014 पासून महाराष्ट्रात 108 ची गाडी आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. मुंबईत केईएम, सायन, नायर, या पालिकेच्या इस्पितळांचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो.

पण गाडी आपल्या बोळात शिरत नाही, हे मला कोणी सांगायला नको. तिथेच आपलं काम सुरू होतं. प्रत्येक गल्लीत रात्रीची दोन पोरं ठरवा. एक बोळाच्या तोंडाशी बॅटरी घेऊन गाडीला वाट दाखवेल. दुसरा पेशंटला खुर्चीवर बसवून किंवा खाटेवर घालून बाहेर काढायला माणसं उठवेल. जुने केसपेपर आणि चालू गोळ्या पिशवीत घाला. सोबत बोलणारा एक जण जाऊ द्या. काउंटरवर नाही म्हणाले तर नाव, हुद्दा, वेळ वहीत लिहा, आणि नकार लेखी मागा. मारामारी करायची नाही. आत रात्रपाळी करणारी सिस्टर आणि झाडणारा मामा, तीही आपल्यासारखीच राबणारी माणसं आहेत.

जयंतीच्या मिरवणुकीला आपण रात्रभर जागतो. मग आजारी शेजाऱ्यासाठी पाळीपाळीने जागणं जड का जावं? येत्या रविवारी आपापल्या गल्लीत बसा आणि पहिल्या आठवड्याच्या पाळ्या लावा. यादीत वरचं नाव स्वतःचं घाला. मी माझं घातलंय, सोमवारची रात्र.

जयभीम.