एकट्या माणसाच्या जंगलाविषयी

‘हाती फक्त एक चाकू आणि समोर घनदाट अरण्य’ अशा शब्दांचे एक पत्रक काही काळापूर्वी वाडीतल्या एका महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पाहिले. दोन दिवसांचे निवासी ‘सर्व्हायव्हल’ शिबिर. तंबू मिळणार, दोन्ही वेळचे जेवण मिळणार, रात्री शेकोटी आणि शेवटी प्रमाणपत्र. ज्याच्या हाती केवळ चाकू आहे त्या माणसाच्या जेवणाची व्यवस्था आयोजकांनी करावी, ही विसंगती कोणालाच खटकलेली दिसली नाही.

मुलांनी रानात जाऊ नये असे मला म्हणायचे नाही. अमरावती रस्त्यावरची गोदामे आणि मालवाहू ट्रकच्या रांगा पाहत वाढलेल्या मुलाला दोन दिवस पळसाची, मोहाची झाडे दिसली तर चांगलेच आहे. आक्षेप आहे तो त्या पत्रकामागच्या कल्पनेला. अरण्य म्हणजे निर्मनुष्य, शत्रुवत् प्रदेश. त्यात एकटा पडलेला पुरुष (तो बहुधा पुरुषच असतो). आणि त्याला वाचवणारे त्याचे धैर्य व एखादे हत्यार. ही कल्पना आपली नाही, आणि जिथून ती आली तिथेही ती कधी खरी नव्हती.

डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली प्रसिद्ध झाली. निर्जन बेटावरच्या एकट्या माणसाची आद्य कथा म्हणून आपण ती शिकतो. पण क्रूसो बेटावर काय काय घेऊन उतरतो ते नीट वाचावे. फुटलेल्या जहाजावरून तो सुताराची पेटी आणतो, बंदुका आणि दारू आणतो, धान्य, दोरखंड, शिडांचे कापड आणतो. ज्या अलेक्झांडर सेलकर्कच्या अनुभवावरून डिफोला ही कथा सुचली असे मानतात, तो १७०४ ते १७०९ या काळात पॅसिफिकमधल्या बेटावर एकटा होता हे खरे. त्याच्याजवळही बंदूक, दारू, हत्यारे, अंथरूण आणि बायबल होते. आजच्या दूरचित्रवाणीवरचा नायक तर एकटाही नसतो. बेअर ग्रिल्स यांच्या कार्यक्रमातील काही भागांच्या चित्रीकरणादरम्यान ते रात्री हॉटेलात मुक्कामाला असत, हे २००७ मध्ये उघड झाले आणि वाहिनीला खुलासा करावा लागला. कॅमेरा धरणारा माणूस चौकटीबाहेर असतो, एवढीच त्या एकटेपणाची व्याप्ती.

आता आपल्याकडे वळू. रानात वाट हरवणे या अनुभवाला मराठीत एक नेमका शब्द आहे : चकवा. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि फिरून त्याच झाडाखाली येतो. सुशिक्षितांनी ही अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकली. २००९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांच्या वाटा नोंदवल्या. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली; तो झाकला गेला की आपण सरळच जात आहोत या खात्रीने वर्तुळात फिरू लागली. म्हणजे चकवा लागतो. तो लावणारे भूत कोणते, एवढाच वाद उरला! जुनी माणसे त्यावर उपाय सांगत तो असा : चालणे थांबव, बसून राहा, उजाडू दे. जगभरची बचाव-पुस्तके वाट चुकलेल्याला पहिली सूचना हीच देतात. आपल्या शब्दात निदान होते आणि उपचारही होता. आपण भुताबरोबर दोन्ही हाकलून दिले, आणि आता तेच ज्ञान शुल्क भरून परत घेत आहोत.

पाण्याचेही तसेच. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात पाण्यावाचून माणूस तीन दिवस तगतो हा पाठ्यपुस्तकी हिशेब चालत नाही. चालत राहिला तर एक दिवससुद्धा भारी पडतो. कोरड्या नाल्याच्या वाळूत हात-दीड हात उकरून पाझरणारे पाणी धरायचे, त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. नाल्याच्या कोणत्या वळणावर उकरावे हे चाकूला ठाऊक नसते. ज्याने दहा उन्हाळे कुणाबरोबर तरी उकरले आहे त्याला असते. नागझिऱ्याला सहली नेणाऱ्या किती जणांनी त्या नावातला हा झिरा ऐकला असेल?

अन्नाची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘जंगलात मिळेल ते खाऊन जगणे’ हे वाक्य शिबिरांत फार सहजपणे उच्चारले जाते. दुर्गाबाई भागवत मध्य प्रांतातील आदिवासींच्या अभ्यासासाठी हिंडत असताना त्यांना जंगली सुरणाची विषबाधा झाली आणि त्यापायी काही वर्षे अंथरुणाला खिळून राहावे लागले. वनस्पतींविषयी त्यांच्याइतके कुतूहल असलेली व्यक्ती मराठीत दुसरी शोधावी लागेल, आणि धैर्याविषयी तर बोलायलाच नको. तरीही कंद कंदच राहिला. सुरणातले सुईसारखे स्फटिक घसा सोलून काढतात. कडू करांदा चिरून, उकडून, वाहत्या पाण्यात ठेवल्यावाचून पोटात घालता येत नाही. ही कृती कोण्या एका एकट्याच्या हुशारीतून निघालेली नाही. कितीतरी पिढ्यांनी, कितीतरी दुखऱ्या पोटांनी ती सिद्ध केली आणि मुख्यतः बायकांनी ती पुढे दिली.

२०२३ साली कोलंबियात विमान कोसळून ॲमेझॉनच्या जंगलात चार आदिवासी भावंडे अडकली. आई दगावली होती. थोरली मुलगी तेरा वर्षांची, धाकटे मूल वर्षाच्या आतले. चाळीस दिवसांनी चौघे जिवंत सापडली. विमानात असलेले कसाव्याचे पीठ त्यांनी पुरवून खाल्ले. ते संपल्यावर कोणती फळे, कोणत्या बिया चालतात हे त्या मुलीला आजीकडून आणि आईकडून ठाऊक होते. सैन्य शोध घेत होतेच, पण ती सापडली सैनिकांसोबत निघालेल्या आदिवासी स्वयंसेवकांना. जगाने याला चमत्कार म्हटले. माझ्या मते हा चमत्कार नव्हे, अध्यापन होते; आणि अध्यापनाच्या व्यवसायात असलेल्या आपल्यासारख्यांनी तरी ते ओळखायला हवे.

किमान साधनांनिशी जंगलात तगण्याची परीक्षा आपल्याकडे कोण देते? मोहफुले मार्च-एप्रिलात पडतात, तेंदूपाने त्यानंतर मे महिन्यात तोडली जातात. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बाया उजाडण्यापूर्वी निघतात, कारण ऊन चढल्यावर काम होत नाही. सत्तर पानांचे एक पुडके, अशी पुडकी शेकड्यांनी बांधायची. हातात फार तर विळा आणि पाण्याची बाटली. वाकून पाने तोडणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ओढून नेले. बरोबर तीन मजूर होते. वाघीण दिसताच ते सगळे थांबले होते, वाट बदलून निघाले होते. जे करायचे ते त्यांनी केले होते. त्याच जंगलात जिप्सीतून फिरणाऱ्याच्या वाट्याला ‘थरार’ येतो.

शब्दांची ही वाटणी मला असह्य वाटते. शहरातल्याने रान तुडवले तर ‘साहस’. तेंदू तोडणारीने तुडवले तर वृत्तपत्राच्या आतल्या पानावर ‘दुर्घटना’ आणि शासनाच्या कागदावर २५ लाखांची ‘नुकसानभरपाई’. २००६ च्या वनहक्क कायद्याआधी तर तिच्या जंगलातल्या वावराला अनेक ठिकाणी ‘अतिक्रमण’ हाच शब्द होता. जी हजारो सकाळी जाऊन सुखरूप परत आली, तिच्या परत येण्याला मराठीत शब्दच नाही. कारण ते कोणी लिहिलेले नाही.

येथे आपल्या शिक्षकी बिरादरीचा प्रश्न येतो. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर गोंड, पारधी, ढीवर अशा जाणत्यांकडून शब्द गोळा केले आणि ते त्यांचे म्हणूनच लिहिले. आपण वर्गात त्यांचे काय करतो? ‘ललित गद्यातील निसर्गचित्रण’ असा प्रश्न घालतो, आणि विद्यार्थी ‘चित्रमय शैली’, ‘तरल संवेदनशीलता’ असे लिहून गुण मिळवतो. रातवा हा पक्षी आहे की निव्वळ सुंदर शब्द, हे त्याला विचारले जात नाही. ज्ञान म्हणून लिहिलेला मजकूर आपण अलंकार म्हणून तपासतो. मग त्याच विद्यार्थ्याने रान शिकण्यासाठी इंग्रजी कार्यक्रमाकडे पाहिले तर दोष कोणाला द्यायचा?

शिबिरे भरवायची असतील तर जरूर भरवावीत. पण शिकवायला गडचिरोलीतल्या किंवा रामटेकपलीकडच्या गावातली मोहफुले वेचणारी बाई बोलवावी, अतिथी व्याख्यात्याला देतो तेवढे मानधन तिला द्यावे, आणि तिच्या तोंडचे झाडांचे, वाटांचे, पाण्याचे शब्द मराठीच्या विद्यार्थ्यांनी वहीत उतरवून घ्यावेत. ती वही अंतर्गत गुणांसाठी धरता येईल का, हे अभ्यास मंडळाने ठरवावे. माझ्या माहितीप्रमाणे नियमांत त्याला काही अडचण नाही.